रानपिंगळा : सातपुड्यातील एक दुर्मीळ पक्षी
(परिसर अभ्यास शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

रावेर तालुक्यात तापीकाठच्या केळीबागांपासून उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पिंगळा ठाऊक नाही असे गाव क्वचितच आढळेल. तिन्हीसांजा झाल्या की जुन्या चिंचेच्या किंवा वडाच्या ढोलीतून हे लहानसे घुबड बाहेर येते आणि किरकिर करून सारी आळी जागी करते. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा याच पक्ष्याची भाषा जाणतो, असा जुना समज आहे. या परिचित पक्ष्याचा एक भाऊबंद सातपुड्याच्या रानात राहतो. त्याचे नाव रानपिंगळा. तो भारताबाहेर कोठेही सापडत नाही, आणि ११३ वर्षे तो नष्ट झाला असेच बहुतेकांस वाटत होते.

इसवी सन १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्यास हा पक्षी आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात मिळाला. पुढील वर्षी ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्यास ब्लेविट यांचेच नाव दिले. त्यानंतर खानदेशात मुलकी सेवेत असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी काही नमुने जमविले. जगातील सर्व संग्रहालयांत मिळून याचे खरे नमुने अवघे सात, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक खानदेशचे. शेवटचा १८८४ चा.

मग हा पक्षी इतका काळ कोणास दिसला का नाही? याचे एक कारण मोठे चमत्कारिक आहे. मायनर्टझहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे रानपिंगळा मिळविल्याची चिठ्ठी एका नमुन्यास लावली होती. शोधकांनी ती खरी मानली आणि भलत्याच ठिकाणी श्रम केले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ विदुषीने तो नमुना बारकाईने तपासला. तेव्हा तो डेव्हिडसन यांच्याच नमुन्यांपैकी एक असून संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला व खोट्या चिठ्ठीचा आहे, असे निष्पन्न झाले. ती नोंद बाजूस सारून रासमुसेन यांनी जुन्या खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळविला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील (आता नंदुरबार जिल्हा) शहादे गावाजवळच्या रानात, त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना हा पक्षी उघड्या फांदीवर उन्हात बसलेला दिसला.

उन्हात बसलेला, ही गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. घुबड म्हणजे रात्रीचा पक्षी असे मुलांस सरसकट सांगितले जाते. परंतु रानपिंगळा बराचसा दिवसाच वावरतो, दिवसाच शिकार करतो व दिवसाच साद घालतो.

दोहोंची ओळख पटविणे अवघड नाही. आकाराने ते जवळजवळ सारखेच, म्हणजे साळुंकीएवढे. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ एकरंगी तपकिरी दिसते. त्याची छाती गडद तपकिरी व पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा असतो. पायांवर दाट पांढरी पिसे, नखे व चोच मात्र शरीराच्या मानाने दणकट. बसल्या जागी तो शेपूट झटक्याने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस हलवितो. गावच्या पिंगळ्याच्या कर्कश किरकिरीपुढे त्याचा सूर मृदू व लांबट वाटतो.

साग, सालई, धावडा अशा वृक्षांचे विरळ पानगळीचे रान त्यास मानवते. झाडावरून टेहळणी करून तो खाली झेप घेतो आणि सरडे, सापसुरळ्या, उंदीर, बेडूक, नाकतोडे पकडतो. हिवाळ्याच्या सुमारास जुन्या झाडाच्या ढोलीत मादी बहुधा दोन अंडी घालते. अंडी ती एकटीच उबविते. नर तिला भक्ष्य आणून देतो. ढोली धरावयास झाड वयाने मोठे असावे लागते. असे झाड सरपणासाठी अगर नव्या शेतासाठी तोडले गेले, तर शेजारची शंभर कोवळी झाडे त्या जोडप्याच्या उपयोगाची नाहीत.

१९९७ नंतर तोरणमाळ, यावल अभयारण्य, मेळघाट, मध्य प्रदेशातील काही वने, आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्य येथेही रानपिंगळा आढळला. तरीही प्रौढ पक्ष्यांची एकंदर संख्या एक हजाराहून कमीच असावी, असा अंदाज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास मारणे वा पकडणे गुन्हा आहे. यावल अभयारण्याचे रान रावेर तालुक्यातील पालच्या बाजूस लागूनच असल्याने तेथील शाळांना हा विषय परका नाही.

घुबडास दगड मारला तर ते तो झेलून नेते, नदीवर घासते, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो, असे मुले घरी ऐकतात. या भीतीने कित्येक घुबडे वाचलीही असतील! पण त्याच भीतीपोटी अपशकुनी म्हणून त्यास हाकलणारे, आणि जादूटोण्यासाठी पकडणारेही असतात. मुलांस याबद्दल रागे भरू नये, पक्षी दाखवावा.

प्रत्यक्ष पाठासाठी गावचा पिंगळाच पुरेसा आहे. तो ज्या झाडावर बसतो त्याखाली न पचलेल्या केसांच्या, हाडांच्या व कीटकांच्या कवचांच्या लहान गुठळ्या पडलेल्या असतात. तो त्या तोंडावाटे बाहेर टाकतो. शिक्षकांनी अशा गुठळ्या काडीने उचलून पाण्यात भिजवाव्यात, मुलांकडून काडीनेच सोडवून घ्याव्यात व नंतर साबणाने हात धुण्यास लावावे. ढोलीत हात घालू देऊ नये. तेथे साप असण्याचा संभव असतो, आणि पिले असली तर पक्षी बुजतो. रानालगतच्या शाळांनी दिवसा दिसलेल्या घुबडाची तारीख, वेळ, झाड व डोक्यावरील ठिपके ही माहिती वहीत लिहून ठेवावी व वनरक्षकास दाखवावी. गुठळीत उंदराची कवटी सापडलीच, तर ती वाळवून आगपेटीत कापसावर ठेवावी. वर्गाच्या वस्तुसंग्रहात ती वर्षानुवर्षे टिकते.