ऑपरेशननंतरचं आधी विचारा

हातखंब्याच्या तिठ्यापासून जवळच माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मुंबई-गोवा हायवे आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता इथे एकमेकांना मिळतात, त्यामुळे पालीपासून निवळीपर्यंतच्या बायका येता-जाता माप देऊन जातात. पडदा ओढून टेप लावला की बाई घरात कोणाशी बोलत नाही ते बोलते. "वहिनी, जरा उचलल्यासारखं दिसेल असं शिवा." "पॅड घाला, पण कळता कामा नये." अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "वहिनी, छातीचं ते ऑपरेशन करतात म्हणे. तुम्हाला काही माहीत आहे?"

माहीत आहे, कारण मी स्वतः त्या वाटेने बरीच पुढे गेले होते. दोन बाळंतपणं झाली, मध्ये थायरॉइडने वजन वाढलं, गोळ्या लागू पडल्यावर ते उतरलं, आणि छातीचा आकार पार बदलून गेला. मला कोणी टोमणा मारला नव्हता. आमच्या ह्यांनी तर कधी अवाक्षर काढलं नाही. पण दिवसभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या माझं स्वतःच्या मापाकडे बघून मन खट्टू व्हायचं. "या वयात आता काय करायचंय" म्हणून हे दुःख उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. ते खरं असतं. आणि खरं असतं म्हणूनच त्यावर धंदा करणारे पुष्कळ असतात.

आधी तेलं आणि क्रीम यांचं सांगून टाकते. मोबाइलवर जाहिरात बघून मागवलेल्या बाटल्या माझ्या गिऱ्हाइकांच्या घरोघरी आहेत. स्तनात स्नायू नसतो. दुधाच्या ग्रंथी, चरबी, त्यांना धरून ठेवणारे तंतू आणि वरची कातडी, एवढंच असतं. व्यायामाने त्याखालचा छातीचा स्नायू बळकट होतो, ते चांगलंच आहे, पण ताणलेली कातडी आणि सैल झालेले तंतू कुठल्याही तेलाने आखडत नाहीत. ते पैसे वाचवा आणि नीट मापाची ब्रा घ्या.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. अंगावर पाजलं की छाती उतरते, या समजापायी मुली बाळाला लवकर वरचं दूध सुरू करतात. माझ्या दुकानात बाळंतिणींनी हे मला सांगितलेलं आहे, त्यांच्या आयांसमोर. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या प्लास्टिक सर्जननी आपल्याकडे येणाऱ्या बायकांचा यासाठी अभ्यास केला होता. वाढतं वय, बाळंतपणांची संख्या, जास्त वजन आणि धूम्रपान यांचा ओघळण्याशी संबंध दिसला. अंगावर पाजण्याचा दिसला नाही. आकार बदलतो तो मुख्यतः गरोदरपणात. तेव्हा बायांनो, बाळाच्या तोंडचं दूध या कारणासाठी तोडू नका.

माझ्या वन्सं डोंबिवलीला असतात. त्यांच्याकडे जायचं निमित्त करून मी मुंबईतल्या एका चकचकीत क्लिनिकमध्ये गेले. समोर बसली ती टापटीप, गोड बोलणारी मुलगी डॉक्टर नव्हती. तिने टॅबवर आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले, पॅकेज सांगितलं, महिन्याचा हप्ता किती बसेल ते काढून दिलं. "ताई, लिफ्ट आणि इम्प्लांट एकत्रच करून घ्या. आज संध्याकाळपर्यंत टोकन भरलंत तर सूट आहे." डॉक्टर आले, उभ्या-उभ्या पाहिलं, "छान रिझल्ट येईल" म्हणाले आणि गेले. घरात कोणाला कर्करोग झाला होता का, आणखी मूल हवं आहे का, तंबाखू-मिश्री आहे का, यातलं एकही अक्षर कोणी विचारलं नाही. मी ब्लाउज शिवते तरी यापेक्षा जास्त प्रश्न विचारते. टोकन न भरता मी उठले.

मग वन्संनीच सुचवलं म्हणून एका सरकारी रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागात केसपेपर काढला. बाकावर बराच वेळ बसावं लागलं, पण तिथल्या बाईंनी मला खरोखर तपासलं. आम्ही शिंपी टक्स पॉइंट, म्हणजे बोंडाची जागा, खांद्यावरून मोजतो. त्यांनी गळ्याच्या खड्ड्यापासून बोंडापर्यंत टेप धरला. दोन्ही बाजूंचं माप लिहिलं. बोंड स्तनाखालच्या घडीच्या वर आहे की खाली, हे पाहिलं, कारण कुठलं ऑपरेशन लागेल ते त्यावर ठरतं. दोन बाजूंत फरक निघाला तेव्हा मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "हा सगळ्यांचाच असतो." हे मला कोणी शिकवायला नको होतं. डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी असलेली बाई मला अजून भेटलेली नाही.

मग त्यांनी मार्कर घेऊन माझ्याच अंगावर रेघा काढल्या. बोंडाभोवतीच्या काळ्या भागाला एक गोल, तिथून सरळ खाली एक रेघ, आणि खालच्या घडीत एक आडवी. होडीच्या नांगरासारखा आकार झाला. "एवढे व्रण राहतील. फिके होतील, जाणार नाहीत. कमी ओघळलं असेल तर आडवी रेघ वाचते." आरशात ते बघताना ऑपरेशन म्हणजे काय, ते मला पहिल्यांदा नीट कळलं. क्लिनिकमधल्या फोटोंत व्रण दिसत नव्हते.

नुसती लिफ्ट केली तर जादा कातडी काढून स्तन वर घेतला जातो. तो मोठा होत नाही. बोंडाची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित कायमची. पुढे अंगावर पाजायला अडचण येऊ शकते. पुन्हा दिवस गेले किंवा वजन वर-खाली झालं तर पुन्हा ओघळतं, म्हणून मुलं हवी असतील तर आधी मुलं. आणि मिश्री. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, जखम भरत नाही, बोंडाचा भाग काळा पडून गळूनही जाऊ शकतो. सिगारेट ओढता का, असं विचारलं की आपल्याकडच्या बायका "छे" म्हणतात, कारण मिश्री त्यात मोजतच नाहीत. तिथे लाजू नका, सांगून टाका. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे ती पूर्ण बंद लागते.

इम्प्लांटची गोष्ट आणखी वेगळी. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात 1962 साली पहिल्यांदा सिलिकॉनचं इम्प्लांट एका बाईच्या छातीत बसवलं गेलं. साठ वर्षं उलटली तरी ते जन्मभर टिकेल असं आजही कोणी लिहून देत नाही. त्याभोवती शरीर स्वतःचं आवरण तयार करतं. ते आखडलं तर छाती दगडासारखी घट्ट होते, दुखते. सिलिकॉनचं इम्प्लांट आतल्या आत फाटलं तरी बाहेरून कळत नाही, म्हणून अमेरिकेची सरकारी नियामक संस्था एफडीए पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी सुचवते. फ्रान्समधली पीआयपी कंपनी इम्प्लांटमध्ये औद्योगिक वापराचं स्वस्त सिलिकॉन भरत होती, हे 2010 साली उघड झालं आणि 2013 मध्ये तिच्या संस्थापकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. जुलै 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीला खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत घ्यावी लागली, कारण लिम्फोमा प्रकारच्या एका दुर्मीळ कर्करोगाशी त्यांचा संबंध आढळला होता. 2021 पासून तर एफडीएने इम्प्लांटवर ठळक इशारा छापणं सक्तीचं केलं आहे. या सगळ्याने घाबरून जावं असं मी म्हणत नाही; असंख्य बायका इम्प्लांट घेऊन नीट जगतात. पण बसवलंत तर डब्यावरचा स्टिकर, कंपनीचं नाव आणि लॉट नंबर मागून घ्या आणि जपून ठेवा. उद्या परत बोलावणं झालं तर तोच कागद कामाला येतो.

आता आपल्या हातखंब्याची अडचण. मुंबई इथून सव्वातीनशे किलोमीटर, कोल्हापूरही घाट चढून जायचं. ऑपरेशन एका दिवसाचं असेल, पण त्यानंतर ड्रेसिंग आहे, टाके आहेत, रात्री ताप चढला किंवा एक बाजू लाल होऊन सुजली तर काय, हा प्रश्न आहे. काही आठवडे जड उचलायचं नाही म्हणजे पाण्याची कळशी नाही, सिलेंडर नाही, धाकट्याला कडेवर नाही. माझ्यासारखीचं मशीनही बंद. त्या दिवसांत घर कोण बघणार? रात्री फोन केला तर उचलणारे सर्जन असतील की ती टॅबवाली मुलगी? रत्नागिरीतले कोणते सर्जन गरज पडल्यास लगेच बघतील? याची उत्तरं तारीख घेण्याआधी हवीत. सर्जनची पदवी प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच कसला? भूल देणारे डॉक्टर कोण, तेही विचारा. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या ऑपरेशनला आरोग्य विमा पैसे देत नाही आणि वर 18 टक्के जीएसटी लागतो. सांगितलेल्या रकमेत इम्प्लांट, भूल, खोलीभाडं, तपासण्या आणि पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं तर त्याचा खर्च धरला आहे का, ते लेखी घ्या.

काही बायकांनी मात्र हे ऑपरेशन जरूर करावं, असं माझं मत आहे. अति जड छातीने खांद्यावर ब्राच्या पट्टीचे चर पडलेल्या, मान-पाठ सतत दुखणाऱ्या, घडीत कायम घामोळं आणि जखमा होणाऱ्या बायका मी पाहते. त्यांना छाती लहान करण्याच्या ऑपरेशनने खरा आराम मिळतो. एका मुलीची एक बाजू वाढलीच नव्हती. आई म्हणायची लग्नानंतर होईल सगळं ठीक. तसं होत नसतं. अशा मुलीला वाढ पूर्ण झाल्यावर चांगल्या सर्जनकडे न्या. कर्करोगात स्तन काढावा लागलेल्या बाईला तो पुन्हा घडवून घेता येतो, हे तर आपल्याकडे बहुतेकींना कोणी सांगतच नाही. जन्मजात दोष किंवा इजा दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियांवर जीएसटीही लागत नाही.

मी ऑपरेशन केलं नाही. व्रण आणि संवेदना यांच्या बदल्यात मिळणारा आकार मला पुरेसा वाटला नाही, आणि मशीन तितके दिवस बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. दुसरीचा हिशोब वेगळा निघेल, तिने तो करावा. कोणाला उत्तर द्यायची गरज नाही.

त्या सरकारी रुग्णालयातल्या बाईंनी मला आधी मॅमोग्राफी करायला लावली होती, लिफ्टचं पुढे काही ठरवण्याअगोदर. ते तुम्हीही करा. आणि एक कळकळीने सांगते: आकार वर्षानुवर्षांत हळूहळू बदलला तर तो वयाचा भाग आहे, पण एकाच बाजूचा आकार अलीकडे बदलला, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त किंवा पाणी आलं, कातडीला खळी पडली, गाठ लागली, तर तो दिसण्याचा प्रश्न नाही. त्यासाठी ब्लाउजवालीकडे नको, तसल्या चकचकीत क्लिनिकमध्ये नको, पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट बघत थांबू नका. तिशीपुढच्या बाईची स्तनतपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा आणि याच आठवड्यात जा.