व्हिसेरा राखून ठेवला, म्हणजे काय केलं?

प्रश्न : 'अकस्मात मृत्यूची नोंद, व्हिसेरा राखून ठेवला' असं बातम्यांत नेहमी वाचतो. डॉक्टरांना घातपाताचा संशय आला, असं समजायचं का?

उत्तर : नाही, तेवढ्यावरून तसं समजू नका. अकस्मात मृत्यूची नोंद (पोलिसांच्या बोलीत 'एडी') म्हणजे गुन्हा दाखल झालेला नाही आणि मृत्यू नैसर्गिक आहे असंही कुणी मानलेलं नाही. गळफास, सर्पदंश, विहिरीत सापडलेला मृतदेह, बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. पूर्वी ही नोंद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. पंचनामा, शवविच्छेदन, चौकशी; त्यात काही वावगं निघालं तर गुन्हा.

व्हिसेरा म्हणजे शरीराच्या आतले अवयव. जठर त्यातल्या अन्नासकट, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा भाग, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग बरण्यांत भरतात. रक्त वेगळं. अवयव टिकवायला बहुधा साधं मीठ वापरतात, पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत घातलेलं. फॉर्मालिन चालत नाही, त्यात विष शोधणं अवघड होतं. त्या मिठाच्या पाण्याचाही नमुना सोबत जातो, म्हणजे विष त्यातूनच आलं असं उद्या कोर्टात कुणी म्हणायला नको! सील लावून सगळं न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातं.

कित्येक विषं डोळ्यांना दिसेल अशी खूण ठेवत नाहीत. म्हणून डॉक्टर 'रासायनिक विश्लेषणाचा अहवाल येईपर्यंत मत राखून ठेवले' असं लिहितात. ही रोजची सावधगिरी आहे. मथळ्यात मात्र तिचं 'गूढ वाढले' होतं.

आणि अहवालात कीटकनाशक निघालं, तरी मृत्यू कशाने झाला एवढंच डॉक्टर सांगू शकतात. ते स्वतः प्यायलं, कुणी पाजलं की फवारताना अंगात भिनलं, हे ठरवायचं पोलिसांनी आणि कोर्टाने. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर दगावले, तेही कीटकनाशकानेच.

उलटही घडतं. माणूस काही दिवस दवाखान्यात असेल, उलट्या झाल्या असतील, पोट धुतलं असेल, तर विषाने मृत्यू होऊनही व्हिसेऱ्यात ते सापडत नाही. अशा वेळी उपचारांचे केसपेपर आणि साक्षी यांवरच भिस्त ठेवावी लागते.