रंग सोडा, पत्रा बघा

बर्मिंगहॅममध्ये राहून मुलांच्या जुन्या पायडल-मोटारींचा नाद लागला, की माणूस आज ना उद्या ‘पाथफाइंडर’पाशी येतोच. ऑस्टिन कंपनीने 1949 मध्ये साउथ वेल्समधल्या बार्गोडला मुलांच्या मोटारींचा वेगळा कारखाना काढला. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं खराब झालेल्या खाणकामगारांना तिथे काम मिळालं. ऑस्टिनच्या बर्मिंगहॅममधल्या लाँगब्रिजच्या मोठ्या कारखान्यात उरलेल्या पत्र्याच्या तुकड्यांतून त्यांनी या गाड्या घडवल्या. ऑस्टिन सेव्हनच्या शर्यतीच्या मोटारीवर बेतलेली पाथफाइंडर 1950 पर्यंतच निघाली. तिची बहीण जे-40 मात्र 1971 पर्यंत निघत राहिली आणि बत्तीस हजारांवर गेली. साहजिकच पाथफाइंडरचा भाव चढा. आणि भाव चढला, की हात मारणारेही आलेच.

माझी गाडी एका विक्रेत्याकडची. गर्द हिरवा रंग, कुठे ओरखडा नाही. घरी धूळ पुसताना शेपटाकडच्या भागाला चुंबक लावला, तर तो सरळ खाली घसरला. मागचा अर्धा भाग फायबरचा होता, जोडावर लांबी भरून वर रंग मारलेला! विक्रेत्याने शांतपणे पावती दाखवली. तीवर ‘जुन्या घडणीची रेसिंग कार’ एवढंच होतं, ‘मूळ’ हा शब्द कुठेही नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत.

तेव्हा चुंबक खिशात ठेवा. रंगाला ओरखडा नको म्हणून फडक्यात गुंडाळून फिरवा. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण नवा पत्राही चुंबक धरतो. गाडी उलटी करून आतून बघा. बाहेरून चकाकी आणणारा आतल्या बाजूला सहसा हात घालत नाही. वेल्डिंगच्या ताज्या रेघा तिथेच सापडतात. दुरुस्तीआधीचे फोटो मागा. विक्रेता ‘नाहीत’ म्हणाला, तर किमतीत ते धरा. आणि जुना रंग घरात कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं, आणि आपल्या घरात मुलं असतात.

बुगाट्टीची बॅटरीवरची ‘बेबी’ हा याहून वरचा मामला. एत्तोरे बुगाट्टीने टाइप 35 या शर्यतीच्या मोटारीची ही निम्म्या आकाराची प्रतिकृती धाकट्या मुलासाठी, रोलांसाठी बनवली. गिऱ्हाइकं मागू लागली म्हणून ती विकायलाही काढली. तिकडे जाणकार सोबत नेल्याशिवाय फिरकू नये.

मुलाला खरोखरच चालवायला गाडी हवी असेल, तर पाथफाइंडरच्या मागे लागू नका, जे-40 घ्या. गुडवुडच्या ‘सेट्रिंग्टन कप’ या पायडल-मोटारींच्या शर्यतीत आजही मुलं तीच पळवतात. तिचे नवे भाग मिळतात आणि ते बसवण्यात काही कमीपणा नाही. फक्त कोणते भाग नवे, कोणते जुने, हे पैसे देण्याआधी पावतीवर लिहून घ्या.