पाण्यात भिजलेला जुना रेडिओ

प्रास्ताविक

२६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला महापुराने वेढले. अशा आपत्तीत घरातील जुन्या वस्तूही भिजतात. त्यांत आजोबांच्या काळातील रेडिओ असला, तर घरात दोन मते पडतात. एकाला तो भंगार वाटतो, तर दुसऱ्याचा जीव त्यात गुंतलेला असतो. अशा वेळी निर्णय माहितीच्या आधारे कसा घ्यावा, ते या पाठात पाहावयाचे आहे.

मूलपाठ

पाण्यामुळे होणारी हानी सर्व वेळी सारखी नसते. पुराच्या पाण्यात क्षार आणि गाळ असतो. संच वरवर सुकला, तरी हे क्षार आत राहतात व हवेतील ओलावा शोषून घेतात. तांब्यावर हिरवट थर चढतो, लोखंड गंजते. त्यामुळे गळक्या छपराखाली थोडा भिजलेला संच आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात बुडालेला संच यांना एकच न्याय लावता येत नाही.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली लागला. परंतु त्यानंतरही अनेक वर्षे व्हॉल्व्हचे रेडिओ वापरात होते. व्हॉल्व्ह ही निर्वात काचनलिका असते. काच अखंड असेल, तर पाणी आत शिरत नाही. गंजलेल्या पिना स्वच्छ करता येतात. काचेच्या आतील चकचकीत रुपेरी डाग पांढरा पडला असेल, तर मात्र आत हवा गेली असे समजावे. तो व्हॉल्व्ह निकामी होय. काचेवरील क्रमांक पुसताना सहज निघून जातो. म्हणून तो आधी लिहून ठेवावा.

कागदी कपॅसिटर ओलावा शोषतात. ते बदलणेच श्रेयस्कर. ध्वनिवर्धकाचा कागदी शंकू भिजून फाटतो. लाकडी पेटीचा सरस सुटतो. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरचा असतो. त्याच्या गुंडाळ्यांत पाणी मुरले आणि तारा तुटल्या, तर नवा ट्रान्सफॉर्मर बनवून घ्यावा लागतो व खर्च वाढतो.

'चालतो का, ते पाहू' म्हणून भिजलेला संच विजेला जोडणे, ही सर्वांत मोठी चूक आहे. ओल्या भागांतून प्रवाह वाहिल्यास वाचू शकणारे भागही जळतात आणि माणसाच्या जिवावर बेतते. काही जुन्या संचांत धातूचा सांगाडा थेट घरातील विजेशी जोडलेला असतो. शिवाय प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युत्भार राहू शकतो. म्हणून आतील भागांना अनभिज्ञ माणसाने हात लावू नये. संच सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवावा. कडक उन्हाने लाकूड तडकते. पुढील काम जाणकार कारागिराकडे सोपवावे. तो प्रथम मापकाने तपासणी करतो. नंतर बल्ब एकसरीत जोडून संचाला वीज देतो. बल्ब पूर्ण तेजाने पेटतच राहिला, तर संचात दोष आहे हे त्याला कळते आणि संच जळण्यापासून वाचतो.

मग दुरुस्ती करावी की नाही? तीन गोष्टी पडताळाव्यात : पाणी कोणते होते व संच किती काळ बुडाला; ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे का; आणि संचाकडून अपेक्षा काय आहे. केवळ ऐकण्यासाठी हवा असेल, तर नवा रेडिओ स्वस्त पडतो; बहुतेक जुन्या संचांवर एफ.एम. केंद्रे लागतही नाहीत. कुटुंबाची आठवण जपायची असेल, तर खर्चाचे मोल निराळे ठरते. यंत्र निकामी झाले, तरी स्वच्छ केलेली पेटी स्मृती म्हणून ठेवता येते. सुस्थितीतील व्हॉल्व्ह दुसऱ्या संचाला जीवदान देतात.

जे उरेल ते जाळू नये. जुन्या डाखात शिसे असते. तारा जाळल्याने विषारी धूर होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांची व्यवस्था आहे. टाकाऊ भाग तेथे पोहोचतील असे पाहावे.

जुनी वस्तू जपणे हा संस्कार आहे. पण काय जपावे आणि कशाचा निरोप घ्यावा, हे ओळखणे हाही विवेकच होय.

स्वाध्याय

१. भिजलेला संच लगेच विजेला का जोडू नये?
२. व्हॉल्व्ह निकामी झाल्याचे कसे ओळखावे?
३. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू दुरुस्त करावी की नाही, हे कारणांसह आठ ओळींत लिहा.