फाइलचे तुकडे करण्याआधी

बाबू, तलावांच्या टिपणांची तुझी फाइल हल्ली उघडायलाच वेळ घेते म्हणतोस. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत भंडाऱ्याचे सातही तालुके, मालगुजारीच्या काळातले तलाव, बोड्या, गोसीखुर्द धरणाचं पाणी, सगळं एकाच टेक्स्ट फाइलमध्ये कोंबलंस, मग ती तरी काय करणार? तुकडे करायचं काम खुशाल मशीनवर सोपव, पण आधी एवढं ऐक.

१. मूळ फाइलची प्रत काढून बाजूला ठेव आणि कापाकापी रिकाम्या फोल्डरमध्ये कर — स्प्लिटसारखा प्रोग्राम त्याच नावाची जुनी फाइल दिसली तरी न विचारता तिच्यावर लिहून मोकळा होतो.

२. प्रत्येक मथळ्याआधी, ओळीच्या अगदी सुरुवातीला, एकच ठरलेली खूण टाक — मशीनला मजकूर कळत नाही, खूण कळते. बांध आधी, बांधी मग.

३. खूण न टाकता नुसतं ‘लाख’ शोधून कापायला सांगू नकोस — लाखनी आणि लाखांदूर एकत्र सापडतील, शिवाय खोलीकरणाच्या खर्चातल्या लाखांवरही कात्री चालेल.

४. बाइट मोजून कापू नकोस, खुणेवर काप. सीस्प्लिट त्यासाठीच आहे — यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, मधेच कापलं की तुकड्याच्या टोकाला अक्षर जाऊन कचरा उरतो.

५. खुणेत आकडा असेल तर तो देवनागरी की इंग्रजी हे एकदाच ठरव — इंग्रजी शून्य ते नऊ शोधायला सांगितलेल्या मशीनला आपला १ दिसतच नाही.

६. तुकड्यांना ००१, ००२ असे नंबर दे — नाहीतर यादीत १० हा २च्या आधी जाऊन बसतो.

७. मथळ्यावरून फाइलचं नाव करणार असशील तर ते आखूड ठेव. तुझे मथळे वाचताना मला दोनदा श्वास घ्यावा लागतो — लिनक्सवर नावाला बहुधा २५५ बाइटच मिळतात, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं, काना-मात्रा धरून.

८. गोसीखुर्द की गोसेखुर्द, पवनी की पौनी, काय ते एक धर — दोन नावांनी ठेवलेलं शोधताना अर्धंच हाती लागतं.

९. मथळ्यात वर्ष असू दे — गोंदिया जिल्हा १ मे १९९९ला वेगळा झाला, त्याआधीच्या टिपणात नवेगावबांध भंडाऱ्यातच असणार, आणि सुट्या झालेल्या तुकड्यात हे सांगायला मागचं-पुढचं काही नसतं.

१०. आपोआप चालायला लावण्याआधी चार-पाच टिपणांवर हातानं चालवून बघ — माणूस चूक करून थकतो, मशीन थकत नाही.

११. सगळे तुकडे क्रमानं परत जोड आणि खुणा टाकलेल्या मूळ फाइलशी ताडून बघ, एका बाइटचाही फरक नको — एखादं टिपण गळालं असेल तर ते आजच कळेल, सहा महिन्यांनी नाही. जोडून दाखवील त्यानंच तोडावं.

१२. तुकड्यांत दुरुस्त्या करायला लागलास की कापणारा प्रोग्राम बंद कर आणि मूळ फाइलीत लिहिणंही थांबव — नाहीतर दिवसा तू तलावाचं क्षेत्रफळ सुधारशील आणि रात्री प्रोग्राम जुनाच आकडा परत आणून ठेवील.