भरतीरेषेखालची जमीन व गावाची वहिवाट

किनाऱ्यालगतच्या गावांत जमिनीचे जे तंटे उद्भवतात, त्यांपैकी पुष्कळसे शेताच्या बांधावरून नसून बांधापलीकडील जागेवरून असतात. होड्या ओढून ठेवण्याची पुळण, मासळी सुकविण्याचे खळे, खाडीकाठचा चिखल, गुरांचे गायरान आणि माल उतरविण्याचा धक्का ह्या जागा सातबाराच्या उताऱ्यावर कोणा एका खातेदाराच्या नावे नसतात. गावकरी म्हणतात, जागा आमची, वाडवडिलांपासून वापरीत आलो. दप्तर म्हणते, जागा सरकारची. दोन्ही म्हणणी आपापल्या परीने खरी आहेत. ती एकाच वेळी खरी कशी असू शकतात हे समजण्यास इंग्रजी अंमलातील काही कायद्यांची ओळख असणे अवश्य आहे. त्यांपैकी महत्त्वाचे कायदे १८७८ ते १८९७ ह्या वीस वर्षांत झाले. त्यांतील बहुतेकांची जागा पुढे दुसऱ्या कायद्यांनी घेतली. परंतु त्यांनी आखलेली रेषा जागच्या जागीच राहिली आहे.

मालकीचे कलम

ह्या सर्वांत मुख्य कायदा म्हणजे १८७९ चा मुंबई जमीन महसूल अधिनियम व त्यातील कलम ३७. सार्वजनिक रस्ते, पूल, नद्या, ओढे, नाले, तळी, समुद्राचा तळ, तसेच बंदरे व खाड्या यांचा भरतीरेषेखालील तळ, आणि ज्यांवर कोणाची खाजगी मालकी नाही अशा सर्व जमिनी ही सरकारची मालमत्ता होय, असे ह्या कलमाने ठरविले. लागवडीखालील जमिनीची मोजणी व आकारणी त्यापूर्वीच होत आलेली होती. परंतु ज्या जागेचा सारा कोणीच भरीत नव्हते, तिच्या मालकीचा प्रश्न ह्या कलमाने एकदम निकालात काढला. भरतीरेषा ही जणू सरकारी शेताचा बांध झाली.

मात्र त्याच कलमात एक अपवाद आहे व तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. अशा मालमत्तेत किंवा तिच्यावर कोणा व्यक्तीचे हक्क प्रस्थापित होतील, तेवढ्यापुरती सरकारची मालकी मर्यादित राहील, अशा आशयाचे शब्द त्यात आहेत. कायदा करणाऱ्यांनी वहिवाट नाकारली नाही. ती सिद्ध करण्याचा भार वहिवाटदारावर टाकला. अक्षरशत्रू कोळ्याने किंवा कुणब्याने आपली तीन पिढ्यांची वहिवाट कोणत्या कागदाने सिद्ध करावयाची, ह्याचा विचार त्या कलमात दिसत नाही, आणि आमच्या मते गावांचे सर्वांत मोठे नुकसान ह्याच ठिकाणी झाले.

हक्काबद्दल वाद उपस्थित झाल्यास जिल्हाधिकाऱ्याने रीतसर चौकशी करून निर्णय द्यावा, आणि तो निर्णय मान्य नसेल त्याने एका वर्षाच्या आत दिवाणी न्यायालयात दावा लावावा, अशी तजवीज त्याच कलमात होती. एक वर्ष उलटल्यावर दावा चालत नसे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली, तेव्हा जुने कलम ३७ हे नव्या संहितेत कलम २० झाले. भरतीरेषा, हक्कांचा अपवाद व एक वर्षाची मुदत ही तिन्ही त्यात कायम राहिली.

गायरान

कलम ३८ अन्वये सरकारी पड जमिनीपैकी काही जमीन गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी, वनासाठी अथवा अन्य सार्वजनिक कामासाठी राखून ठेवता येत असे, व जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून तिचा दुसरा उपयोग करण्यास मनाई होती. कलम ३९ अन्वये चराईचा हक्क ज्या गावची ती जमीन असेल त्याच गावच्या गुरांपुरता होता. ह्याचा नेमका अर्थ असा की, गायरानावर गावच्या गुरांचा हक्क आहे, गावकऱ्याच्या नांगराचा नाही. आज हीच कलमे २२ व २३ ह्या क्रमांकांनी संहितेत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातील एका गावतळ्याच्या प्रकरणात निर्णय देताना गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याच्या योजना करण्यास सर्व राज्यांना सांगितले, व त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढला.

धक्का व बंदर

धक्का म्हणजे नुसते दगडी बांधकाम नव्हे; कायद्याच्या दृष्टीने ते एक घोषित स्थान असते. १८७८ च्या समुद्री सीमाशुल्क अधिनियमाने माल चढविण्या-उतरविण्याची बंदरे कोणती, त्यांच्या हद्दी कोणत्या आणि त्या हद्दींत धक्का कोठे, हे जाहीर करण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्यांस मिळाला. ज्या पुळणीवर पूर्वी सोयीप्रमाणे मचवा लागत असे, तेथे माल उतरविणे त्यामुळे नियमबाह्य ठरू शकत होते. पुढे १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाने ह्या कायद्याची जागा घेतली. १८८२ साली मुंबई इलाख्यात उतरणावळ व धक्का-शुल्काचा स्वतंत्र अधिनियम झाला. त्याअन्वये सार्वजनिक उतरणीच्या जागा व धक्के यांच्या वापराबद्दल शुल्क बसविता येऊ लागले. कोकणातील भात, नारळ, कौले व सुकी मासळी ज्या काळी गलबतांतून मुंबईस जात असत, त्या काळी हे शुल्क अखेरीस मालाच्या भावातच चढत असे, हे सांगावयास नको.

सरकारने धक्के ताब्यात घेण्याचे एक कारण मुंबईत घडलेल्या गोष्टींत आहे. पूर्वी तेथील धक्के बहुधा खाजगी असत. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ह्या गृहस्थांनी बांधलेला भाऊचा धक्का आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे एल्फिन्स्टन कंपनीने समुद्र हटवून जमीन काढली, आणि किनाऱ्याचा मोठा भाग व मालाची चढउतार एका कंपनीच्या हाती जाऊ लागली. तेव्हा सरकारने तिची मालमत्ता विकत घेतली व १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन केला. ससून गोदी १८७५ साली खाजगी रीतीने बांधली गेली व १८७९ साली ट्रस्टने घेतली. मासळी उतरविण्याची जागा म्हणून ती पुढे प्रसिद्धीस आली. खाजगी मक्तेदारीपेक्षा सार्वजनिक संस्था बरी, हे तत्त्व योग्यच होते. परंतु त्या विश्वस्तांत व्यापारी व सरकारी अधिकारी बसले. कोळीवाड्याचा माणूस बसला नाही.

मासेमारी

समुद्रात मासे धरण्याचा हक्क सर्वांचा सारखा, हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली एका दाव्यात मांडले. खुंट रोवून जाळी लावणाऱ्या मच्छीमारांच्या दोन गटांतील हा दावा होता. समुद्र सर्वांचा असला तरी प्रत्येकाने आपला हक्क वाजवी रीतीने बजावला पाहिजे. एका गटाच्या वर्तनाने दुसऱ्यास तोच हक्क बजावणे अशक्य होऊन त्याचे विशेष नुकसान झाल्यास त्यास दाद मागता येते, असे न्यायालयाने ठरविले. डोल जाळी लावणाऱ्यांनी हा निर्णय अवश्य ध्यानात ठेवावा. पालघर-वसईच्या किनाऱ्यावर खुंट रोवण्याच्या जागेस कव म्हणतात, व कवींवरून गावागावांत होणारे वाद अजून मिटलेले नाहीत.

१८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने पाण्यात सुरुंगाची दारू उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरविला. सुरुंगाच्या बाबतीत किनाऱ्यापासून एक सागरी लीग, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटरपर्यंतचा समुद्रही त्यात येत असे. निवडक पाण्यांत जाळ्याच्या आसाचे माप ठरविणे, पाण्यात घातलेले बांध व अचल सापळे यांवर नियंत्रण ठेवणे, आणि दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवणे हे अधिकार प्रांतिक सरकारास मिळाले. हा कायदा मूलतः हिताचा होता. विषाने मोठ्या माशाबरोबर पिल्लेही मरतात, व पुढील हंगामात त्याच गावाला उपास पडतो. समुद्रातील मासेमारीचे आजचे नियमन १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने होते. त्यात २०२१ साली महत्त्वाच्या सुधारणा झाल्या.

मासे धरण्यास मोकळीक होती, पण ते खारविण्यास मीठ हवे, आणि मीठ सरकारच्या कुलपाखाली होते. १८८८ ते १९०३ ह्या काळात मिठावर मणी अडीच रुपये कर होता. भरती ओसरल्यावर खाचरांत आपोआप साठलेले मीठ उचलणे हाही गुन्हाच. १८९० च्या मुंबई मीठ अधिनियमाचा बंदोबस्त कडक होता. रत्नागिरी व उत्तर कानडा जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर मासे खारविण्याची कुंपणबंद आवारे सरकारने उघडली. तेथे सवलतीचे मीठ मिळे, परंतु मासळी आवारातच खारवावी लागे. आवारापासून दूर असलेल्या वाडीतील बाईस ताजी मासळी डोक्यावरून तेथवर न्यावी, की मिळेल त्या भावाने किनाऱ्यावरच विकून टाकावी, असा पेच पडे. १९३० साली शिरोड्यास मिठाचा सत्याग्रह झाला, त्यामागे ही पन्नास वर्षांची अडचणही होती. मिठावरील कर १९४७ साली उठला.

खारभूमी

शेतकऱ्यांच्या दृष्टीने ह्या विषयातील सर्वांत जवळचा भाग खारबंदिस्तीचा आहे. खाडीला बांध घालून भातजमीन काढण्याची रीत कोकणात इंग्रजांच्या पूर्वीपासूनची. इंग्रज सरकारने तीस उत्तेजन देण्यासाठी भाडेपट्ट्याचे नियम केले: पहिली दहा वर्षे सारा माफ, पुढील वीस वर्षे एकरी चार आणे, आणि तीस वर्षांनंतर पूर्ण आकारणी. भरतीरेषेखालचा तळ सरकारचा, म्हणूनच तो पट्ट्याने देता येत होता. बांध घालणाऱ्यास हे नियम पुष्कळच उदार होते. मात्र ज्या खाडीत बांध पडला, त्या खाडीत हातजाळे टाकणाऱ्याचे काय, ह्याचे उत्तर त्या नियमांत नव्हते, कारण त्याची वहिवाट कोठे नोंदलेलीच नव्हती. शेजारच्या गोव्यात बांधाच्या दारातील, म्हणजे मानशीतील, मासळीचा लिलाव करण्याची प्रथा आहे. त्यामुळे निदान त्या मासळीस धनी आहे व तिचा पैसा हिशेबात येतो. आपल्याकडे खारजमिनीकरिता १९४८ साली व नंतर १९७९ साली स्वतंत्र कायदे झाले. नवी बंदिस्ती वा उघाडीची दुरुस्ती योजताना बांधाच्या दोन्ही अंगांच्या लोकांस एकत्र बसवावे, म्हणजे पुढे उघाडीच्या फळ्या रात्री काढल्या जाण्याचे प्रसंग टळतात.

दप्तरात काय पाहावे

गाव नमुना एक-ब मध्ये भोगवट्यात नसलेल्या सरकारी जमिनी, व एक-इ मध्ये अतिक्रमणे नोंदलेली असतात. हे दोन्ही नमुने तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मिळतात. ग्रामसेवकाने ते पुळणीचा, खळ्याचा व गायरानाचा नकाशा हाती घेऊन जागेवर ताडून पाहावेत. संहितेच्या कलम १६१ प्रमाणे तयार करावयाचे निस्तारपत्रक आपल्या गावाचे आहे काय, हे विचारावे. भोगवट्यात नसलेल्या जमिनीच्या व्यवस्थेची योजना त्यात असते व ते ठरविताना गावकऱ्यांची इच्छा विचारात घ्यावी लागते. कलम १६५ च्या वाजिब-उल-अर्जमध्ये मासेमारीच्या रूढीची नोंद होते खरी, परंतु सरकारच्या मालकीच्या वा ताब्यातील नसलेल्या जमिनी व पाण्यापुरतीच. खाडीच्या तळाला तिचा आधार मिळत नाही. ह्या बाबतीत अनेकांचा गैरसमज आढळतो. भरतीरेषेच्या वर मासळी सुकविण्यासाठी जागा हवी असल्यास कलम २२ मधील ‘अन्य सार्वजनिक प्रयोजन’ ह्या शब्दांचा आधार घेऊन ग्रामसभेने जिल्हाधिकाऱ्याकडे मागणी करावी. खळे म्हणजे मळणीची जागा तर त्या कलमात नावानेच नमूद आहे.

हक्काच्या चौकशीची नोटीस गावात लागली, तर तिची तारीख ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत त्याच दिवशी लिहावी. वहिवाटीचा पुरावा म्हणून जुने फेरफार, शुल्काच्या पावत्या, मोजणीचे नकाशे व वृद्धांचे जबाब चौकशीतच दाखल करावेत. निर्णय विरुद्ध गेल्यास अपील करावे. अपील केले असेल तर वर्षाची गणना अपिलाच्या अंतिम आदेशापासून होते, केले नसेल तर पहिल्याच आदेशापासून. आदेशाची नक्कल मागण्यास लागलेले दिवस धरून काही महिने सहज निघून जातात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या आठवड्यातच करावा.