पडद्यावरची मारामारी, घरातला हात

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा मारधाडीचे सिनेमे आणि गोळीबाराचे गेम यांतच रमतो. हल्ली धाकट्या बहिणीवर हात उगारतो. हे त्यातूनच आलं का?

उत्तर : ताई, थोडंफार आलं असेल, सगळं नाही. १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात मुलांना एक मोठा माणूस हवेच्या बाहुल्याला बडवताना दाखवला. नंतर अनेक मुलांनी त्याचे फटके तर उचललेच, शब्दही उचलले. म्हणजे नक्कल होते. पण बाहुला मार खायलाच बनवलेला होता, बहीण नव्हे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं, की हिंसक गेमचा ओरडण्या-ढकलण्याशी लहानसा संबंध दिसतो. गंभीर हिंसेचं खापर त्यांवर फोडण्याइतका पुरावा नाही.

म्हणून आधी हात कधी उठतो ते बघा. मोबाइल काढून घेतल्यावर? जागरणानंतर? आणि घरात मोठी माणसं रागावली की काय करतात? त्याचा परिणाम पडद्यापेक्षा खोल असतो, असं मला ठामपणे वाटतं.

सिनेमा त्याच्यासोबत बघा. मार खाल्लेला माणूस पुढे कुठे गेला, त्याच्या घरी कोण होतं, हे विचारा. सिनेमा ते सहसा दाखवत नाही. बहिणीला मारणं मात्र त्याच क्षणी थांबवा, तुम्ही हात न उगारता. शाळेतूनही तक्रारी येत असतील, तर समुपदेशकाला भेटाच.